धूम्रपान सोडण्याची उमेद आणि खिशातील मोबाईल

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पालक मेळाव्यात शिक्षक बोलावयास उभा राहिला की तो मोबाईलविरुद्ध बोलणार, असे आपण गृहीत धरूनच येता. आमची तक्रार खोटी नाही. परंतु आज मी ती घेऊन आलेलो नाही. काट्याने काटा काढावा, अशी म्हण आपल्याकडे आहे. हातातून सुटत नाही असा मोबाईल आणि ओठांवरून सुटत नाही अशी बिडी-सिगारेट, या दोहोंपैकी पहिल्याचा उपयोग दुसरी सोडण्यासाठी करता येईल काय, याविषयी चार गोष्टी सांगाव्यात एवढाच माझा हेतू आहे. मी डॉक्टर नव्हे. परंतु सवय सोडणे हेही एक शिकणेच आहे आणि शिकताना माणसाचा धीर कोठे खचतो, हे पाहण्यात आम्हा शिक्षकांचा जन्म जातो.

धूम्रपानाचे दुष्परिणाम सांगण्यात मी आपला वेळ घेणार नाही. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा आणि भीषण चित्र छापण्याचा नियम २०१६ पासून आहे. ज्याच्या खिशात ते पाकीट असते, तो ते चित्र तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक वेळा पाहतो. तरीही तो ओढतो, याचा अर्थ त्याला सोडायचेच नाही, असा आपण चटकन काढतो. वस्तुस्थिती तशी नाही. २०१६-१७ साली झालेल्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात भारतातील धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोकांनी, सोडण्याचा बेत किंवा विचार आहे, असे सांगितले. ३८.५ टक्के लोकांनी आधीच्या बारा महिन्यांत तसा प्रयत्नही केलेला होता. शंभरांतील अडतीस माणसे एका वर्षात प्रयत्न करतात, ही काय थोडी इच्छा झाली? मग अडते कोठे?

गणितात तीन वेळा नापास झालेला मुलगा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला पास व्हायचे नसते काय? असते, इतरांपेक्षा अधिकच असते. परंतु पुस्तक उघडले की आपल्याला हे जमणार नाही, असे त्याचे मन सांगते, म्हणून तो पुस्तकच उघडत नाही. आपण मात्र त्याला अभ्यासाचे महत्त्व सांगत बसतो. जे त्याच्यापाशी भरपूर आहे तेच आणखी देतो, आणि जे नाही ते, म्हणजे ‘जमेल’ हा विश्वास, देत नाही. किंबहुना आपल्या उपदेशाने असलेला विश्वासही कमी होतो. बी.एड.च्या मानसशास्त्रात आम्ही अल्बर्ट बांडुरा या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञाचा सिद्धांत शिकतो. १९७७ साली त्याने मांडले की, एखादे काम आपल्या हातून होईल हा विश्वास माणसाला चार वाटांनी मिळतो : स्वतः केलेल्या लहानमोठ्या यशाने, आपल्यासारख्या दुसऱ्याचे यश पाहून, कोणी धीर दिल्याने, आणि शरीर-मनाच्या त्या वेळच्या अवस्थेवरून. यांत पहिली वाट सर्वांत भक्कम. उपदेश तिसऱ्या वाटेत मोडतो, तोही धीर देणारा असेल तर!

आता आपणांस एक छोटासा प्रयोग सांगतो. कागदावर शून्य ते दहा अशी पट्टी काढा. धूम्रपान सोडणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते, त्याला गुण द्या. मग दुसरी पट्टी काढा आणि आजपासून सोडायचे ठरवले तर जमेल असे किती वाटते, त्याला गुण द्या. माणसाच्या मनातील उमेद त्याच्याच तोंडून बोलती करण्याची एक पद्धत विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनी ती वाढवली. तिच्यातील हे साधन आहे. त्यातील खुबी पुढच्या प्रश्नात आहे. समजा, कोणी तीन गुण दिले, तर आपण लगेच विचारतो, “दहा का नाहीत?” मग तो आपल्या अडचणींचा पाढा वाचतो आणि अधिकच खचतो. त्याऐवजी विचारायचे, “शून्य का नाही?”

आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याचे वडील रिक्षा चालवतात. त्यांच्या संमतीने, नाव न घेता, सांगतो. त्यांनी पहिल्या पट्टीवर नऊ गुण दिले आणि दुसऱ्या पट्टीवर दोन. पूर्वी पाच वेळा सोडून झाले होते. “सर, आता घरात सांगायचीसुद्धा लाज वाटते. सोडली म्हणून सांगायचं आणि आठ दिवसांनी पोरानं नाक्यावर बघायचं,” असे ते म्हणाले. मी विचारले, “मग दोन तरी का दिलेत? शून्य का नाही?” ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, “रोज्यात दिवसभर ओढत नाही ना.”

या उत्तराचा आपण सर्वांनीच विचार करावा. रमजानात आपल्याकडे ऋतुमानाप्रमाणे बारा ते चौदा तासांचा रोजा होतो. ज्याला एरव्ही अर्धा तास निघत नाही, तो माणूस महिनाभर रोज एवढा वेळ बिडीशिवाय काढतो. रिक्षा चालवतो, उन्हात उभा राहतो, गिऱ्हाइकाशी हुज्जतही घालतो. आणि तोच शव्वाल लागला की म्हणतो, मला दोन तास जमत नाही. अर्थात यातील दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोजा सुटल्यावर जो पहिला झुरका घेतला जातो, त्याने शरीराला निकोटिन पुन्हा मिळते. रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते. तलफेचा, चिडचिडीचा त्रास पहिल्या काही दिवसांत सर्वांत तीव्र असतो आणि पुढील तीन-चार आठवड्यांत ओसरत जातो. रोज संध्याकाळी नव्याने निकोटिन घेणाऱ्याचे हे ओसरणे पुरे होतच नाही. म्हणून केवळ रोजे केल्याने व्यसन सुटत नाही आणि ईदनंतर माणूस पुन्हा जागच्या जागी येतो. परंतु बांडुराची ती पहिली वाट, स्वतः करून दाखवलेल्या यशाची, त्याच्या पायाखाली तयार असते; त्याने तिची नोंद कोठे ठेवलेली नसते, एवढेच.

धूम्रपान सोडण्यासाठी जी ॲप्स निघाली आहेत, त्यांचा खरा उपयोग या नोंदीत आहे, असे माझे मत आहे. आम्हा शिक्षकांच्या भाषेत सांगायचे तर ते एक खासगी प्रगतिपुस्तक आहे.

अशा ॲपचे पहिले पान भरताना तीन-चार प्रश्न येतात. कोणत्या तारखेपासून सोडणार, रोज किती ओढता, त्याला किती पैसे लागतात, आणि का सोडायचे आहे. शेवटच्या प्रश्नाला काही ॲप्समध्ये स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिता येते, मुलाबाळांचा फोटो लावता येतो. तारीख उलटली की गणकयंत्र सुरू होते : इतके तास झाले, इतक्या सिगारेटी ओढल्या नाहीत, इतके रुपये वाचले. रोज साठ रुपये धुरात जात असतील तर महिन्याचे अठराशे आणि वर्षाचे एकवीस हजार नऊशे होतात. हे गणित चौथीतील मुलगाही करील. परंतु गणित येणे वेगळे आणि वाढता आकडा रोज सकाळी डोळ्यांपुढे दिसणे वेगळे. त्याच्या जोडीला शरीराचा हिशेबही दिलेला असतो. शेवटच्या झुरक्यानंतर वीस मिनिटांत नाडीचे ठोके आणि रक्तदाब उतरू लागतात. बारा तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूचे प्रमाण सामान्य पातळीवर येते. काही महिन्यांत खोकला व दम कमी होतो. वर्षभरात हृदयविकाराचा धोका ओढणाऱ्याच्या तुलनेत सुमारे निम्मा होतो. आमच्या रिक्षावाल्या पालकांना ‘बारा तास’ हे वाचून मोठे नवल वाटले. “म्हणजे रोज मगरिबपर्यंत माझं रक्त साफ होत होतं?” असे त्यांनी विचारले. त्या एका गोष्टीची होत होती, हे खरेच आहे.

दुसरा उपयोग तलफेच्या क्षणाचा. तलफ ही बहुधा काही मिनिटांची असते. ती न भागवताही उतरते, हे ओढणाऱ्याला माहीतच नसते, कारण तिला उतरण्याइतका वेळ त्याने कधी दिलेलाच नसतो. बऱ्याच ॲप्समध्ये ‘तलफ आली’ अशा अर्थाची एक कळ असते. ती दाबली की घड्याळ चालू होते, दीर्घ श्वास घ्यावयास सांगितले जाते किंवा एखादा साधा खेळ पुढे येतो. हात आणि डोळे पाच-सात मिनिटे गुंततात. मग ॲप विचारते, तलफ कोठे आली, सोबत कोण होते, काय करीत होता. आठ-दहा दिवसांच्या अशा नोंदींनंतर माणसाला स्वतःचे वेळापत्रक कळते. आमच्या या पालकांची समजूत होती की आपण ‘टेन्शन’मुळे ओढतो. नोंदीत निघाले भलतेच : दर वेळी टपरीवरचा चहा आणि स्टँडवरची रांग! घरच्या टेन्शनमुळे ओढलेली बिडी आठवड्यात एकच. त्यांनी स्टँडवरचा चहा बंद केला आणि थर्मास बाळगू लागले. असा उपाय बाहेरच्याने सांगून सुचत नाही.

चूक झाली, एखादी ओढली गेली, तर काय? येथे सर्व ॲप्स सारखी नाहीत. काही ॲप्स ओढल्याची नोंद केली की दिवसांचा आकडा सरळ शून्यावर आणतात. हे मला पटत नाही. तेवीस दिवसांनी एक बिडी ओढली म्हणून ते तेवीस दिवस खोटे होतात काय? एका चाचणीत नापास झाला म्हणून मुलाची मागील सर्व प्रगती खोडून टाकणारा शिक्षक आपल्याला चालेल काय? एकदा घसरल्यावर “आता गेलेच, तर पाकीट पुरे करू” असे मन म्हणते आणि तेच खरे नुकसान करते. ॲप निवडताना एवढे अवश्य पाहावे की, ते मागील नोंद जपते की पुसते.

या सर्वांचा खरोखर गुण येतो काय, असा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. मोबाईलवरील साध्या संदेशांविषयी पुरावा चांगला आहे. ब्रिटनमध्ये ५८०० धूम्रपान करणाऱ्यांवर झालेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना पहिले पाच आठवडे रोज पाच आणि नंतर सव्वीस आठवडे दर आठवड्याला तीन उमेद देणारे संदेश पाठवले. तलफ आल्याचे एका शब्दात कळवले तर तत्काळ उत्तर येई. उरलेल्या निम्म्यांना सोडण्याशी संबंध नसलेले संदेश गेले. सहा महिन्यांनी लाळ तपासून खातरजमा केली, तेव्हा पहिल्या गटात १०.७ टक्के आणि दुसऱ्या गटात ४.९ टक्के लोक धूम्रपानापासून दूर राहिलेले आढळले.

ॲप्सबद्दल मात्र २०१९ पर्यंत झालेल्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांनी, पुरावा अजून अपुरा आहे, असेच म्हटले. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगाचा निकाल आला. २४१५ लोकांत दोन ॲप्सची तुलना केली होती. एक तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे, तलफ टाळावयास शिकवणारे. दुसरे सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग केंद्रात तयार झालेले. त्याची शिकवण निराळी. तलफेशी झगडू नका, तिला नाकारूही नका. ती आली आहे हे ओळखा, तिचे ऐकू नका, ती आपोआप जाईल. बारा महिन्यांनी, मागील तीस दिवसांत एकही ओढली नाही, असे सांगणारे दुसऱ्या ॲपच्या गटात २८.२ टक्के आणि पहिल्याच्या गटात २१.१ टक्के निघाले. हा निकाल उत्साह देणारा आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की, सरस ॲप घेऊनही शंभरांपैकी सत्तरांवर माणसांना वर्षअखेर तसे सांगता आले नाही. शिवाय हे लोकांनी स्वतः दिलेले उत्तर होते, आणि ते लोक अमेरिकेतील होते. ॲप म्हणजे तावीज नव्हे. जो ते उघडतच नाही, त्याच्या खिशात ते असून नसून सारखेच.

आपल्याकडची अडचण आणखी निराळी आहे. बहुतेक ॲप्स इंग्रजीत आणि सिगारेटवाल्यांसाठी केलेली आहेत. आपल्याकडे मात्र बिडी ओढणारे सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा अधिक. त्या बिडीचा हिशेब पाकिटात कसा मांडायचा? थोडी युक्ती करावी लागते, बंडल म्हणजे पाकीट असे धरावे लागते. आणि महाराष्ट्राचे दुखणे तर धुराहूनही तोंडातल्या तंबाखूचे आहे. त्याच सर्वेक्षणात आपल्या राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि बिनधुराची तंबाखू खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के आढळले. माता-भगिनींपैकी ज्या सकाळी मिश्रीने दात घासतात, त्यांनी हा विषय केवळ पुरुषांचा समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया विभागाने २०२२ मध्ये सर्व प्रकारची तंबाखू सोडण्यासाठी एक ॲप काढले, ही त्या दृष्टीने चांगली सुरुवात म्हणावी लागेल. आणखी एक सावधगिरी : जे ॲप आपल्या फोनमधील सर्व नावे-नंबर मागते किंवा दोन दिवसांनी पैसे मागते, ते काढून टाकावे. तलफ मोजण्यासाठी त्याला तुमच्या मेव्हण्याचा नंबर कशाला हवा?

ज्याच्याजवळ साधा फोन आहे, त्याने निराश होऊ नये. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०१६ पासून आहे. हा क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवरच छापलेला असतो; आपण चित्र पाहून नजर फिरवतो, म्हणून तो दिसत नाही. या कामात मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राचाही सहभाग आहे. तेथे माणूस माणसाशी बोलतो, हे कोणत्याही ॲपहून मोठे. आणि सकाळी डोळे उघडल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली बिडी लागतेच, त्याचे व्यसन खोल गेलेले असते. त्याने ॲप अवश्य वापरावे, परंतु डॉक्टरांनाही भेटावे. निकोटिनचे च्युइंगम आणि इतर औषधे उपलब्ध आहेत. त्यांची मदत घेण्यात काही कमीपणा नाही.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्याकडे वळतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे, दोन्हींना २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ई-सिगारेटच्या विक्रीवर तर २०१९ पासून संपूर्ण बंदी आहे. तेव्हा ‘ती सुरक्षित असते’ असे सांगणारा मित्र ती चोरून विकणाऱ्याचाच दलाल समजावा. पण माझे तुमच्याकडे मुख्य काम दुसरे आहे. घरात मोबाईल तुम्हाला चांगला कळतो आणि बिडी अब्बांच्या हातात असते. त्यांनी मागितले तर ॲप उतरवून द्या. इंग्रजी प्रश्न वाचून त्यांचा अर्थ सांगा. त्यांची उत्तरे तेच देतील, तुम्ही देऊ नका. नंतर मात्र फोन त्यांच्या हाती परत द्या आणि त्यातील नोंदी पाहू नका. “आज किती झाल्या?” असे चारचौघांत विचारू नका. पोलीसगिरी सुरू झाली की नोंद खोटी होऊ लागते, आणि खोट्या प्रगतिपुस्तकाचा कोणाला उपयोग झाला आहे? बोलावयाचेच असेल तर झालेल्या दिवसांबद्दल बोला.

ज्या पालकांची गोष्ट मी सांगितली, त्यांना तारीख ठरवून आता चार महिने झाले. या काळात दोनदा घसरले. एकदा गावी लग्नात आणि एकदा रिक्षाचा दंड भरावा लागला त्या संध्याकाळी. दोन्ही वेळा त्यांनी ते स्वतः नोंदवले. परवा मी त्यांना पुन्हा ती दुसरी पट्टी दाखवली. त्यांनी सहा गुण दिले. “सात का नाही?” असे मी विचारले नाही.

हा मेळावा संपल्यावर मी दहावीच्या वर्गात थांबणार आहे. ज्यांना पहिले पान भरायचे असेल त्यांनी यावे, एकटे आले तरी चालेल. ज्यांच्याजवळ साधा फोन आहे त्यांना तो मोफत क्रमांक लावून देतो. वर्गात चार्जिंगची सोय एकाच ठिकाणी आहे, तेव्हा फोन शक्यतो भरलेला असावा.